पोट, फिरकीचा तांब्या आणि एक मुलाखत

ज्यांचं पोट शहाणं आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांना ते पटायचं नाही, आणि वाचून झाल्यावर ते मला ताक प्यायला सांगतील. हे मी लिहितो आहे ते घराबाहेर पडण्याआधी तीनदा परसात जाणाऱ्यांसाठी. नव्या गावात देवळाच्या आधी दुसरी जागा कुठे आहे हे ज्यांची नजर शोधते, त्यांच्यासाठी. अशी माणसं पुष्कळ आहेत. बोलत नाहीत, एवढंच.

माझं दुखणं साधं आहे. पोटात कळ येते, पिळवटतं आणि मग धावावं लागतं. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका सकाळी पाचदा. रक्त पडत नाही, ताप येत नाही, माणूस मरत नाही. मरत नाही हेच वाईट. मरणाऱ्याला घरात मान असतो.

निदान

पनवेलच्या आमच्या डॉक्टरांनी आधी आंव धरली आणि दंडात इतकी इंजेक्शनं टोचली की हात वर करून टोपी घालता येईना. मग वैद्यबुवांनी संग्रहणी धरली. त्यांनी दूध, ताक, भात, डाळ, भाजी असं एकेक बंद करत आणलं. शेवटी फक्त त्यांची पुडी चालू राहिली. दोघांच्याही हाताला गुण येईना, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथे मला चुन्यासारखं पांढरं काहीतरी पाजलं आणि अंधारात उभं करून फोटो काढले. वॉर्डात सकाळी सहाला चहा, सातला झाडू, आठला थर्मामीटर. संडास व्हरांड्याच्या टोकाला, आणि तिथे पोचेपर्यंत अठरा खाटांवरचे डोळे मोजत असत की हा आज कितव्यांदा निघाला. शेजारच्या खाटेवरचा गिरणीकामगार, ज्याचं अर्धं पोट कापलं होतं, मला म्हणाला, "तुमचं बरं आहे बुवा, तुम्हाला काय झालंय ते कुणाला माहीतच नाही."

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागे विद्यार्थ्यांची दिंडी, एकाच्या हातात माझे फोटो. डॉक्टर माझ्या पोटावर बोट ठेवून त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी कळतं असं कुणाला वाटलं नसावं. आतडं उत्तम आहे, दोष नसांचा आहे, अशी माणसं हळवी असतात, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "काही नाही तुम्हाला. लग्न करा."

"झालंय," मी म्हणालो.

"मग काळजी करू नका," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

हे माझं निदान. त्या दिवशी मला जितका राग आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. काही नाही म्हणे! पोट माझं, कळ माझी, धोतर माझं, आणि 'काही नाही' हे सांगणार ते.

घर

'काही नाही' हे घरी पोचायला वेळ लागला नाही. आईला आनंद झाला, तिने गणपतीपुढे नारळ ठेवला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी निकाल दिला, "मनाचा दुबळेपणा. आमच्या वेळी असली दुखणी नव्हती." त्यांच्या वेळी ती होती, पण त्यांना ती सांगायची छाती नव्हती कुणाची.

तोवर माझी मुंबईची नोकरी गेली होती. हेडक्लार्कने वर कळवलं होतं की, 'सदर इसम जागेवर आढळत नाही.' आढळत होतो, पण दुसऱ्या जागेवर. मी, माझी बायको सुमन आणि आमची मुलगी पनवेलला परत आलो आणि धाकट्या भावाच्या पगारावर जेवू लागलो. मधू स्वभावाने वाईट नाही. पण एकदा जेवताना तो म्हणाला, "दादाचं पोट सांभाळायचं म्हणजे आपलं पोट मारायचं." सगळे हसले. सुमन हसली नाही. ती ताटावरून उठली आणि त्यानंतर तिने पोरीला दुसऱ्यांदा भात मागू दिला नाही. मी मागितला नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. माझं पथ्य होतंच.

मग पुण्याच्या एका शिक्षणसंस्थेचं बोलावणं आलं. हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा, राहायला दोन खोल्या. दोन खोल्या म्हटल्यावर सुमनने ट्रंक झटकली. मला नोकरी हवी होती. तिला असं एक घर हवं होतं जिथे पोरीच्या ताटाकडे कुणी बघणार नाही. ही जागा हातची गेली तर पुढचं बोलावणं कधी येईल ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

उंबरठा

मी माझी तयारी केली. आदल्या दुपारनंतर अन्न बंद. पाणी फक्त उकळून गार केलेलं, कारण बाहेरचं पाणी पोटात गेलं की तासाभरात हिशेब होतो. पाणी न्यायला आजोबांचा फिरकीचा तांब्या काढला. हल्ली तो दिसत नाही म्हणून सांगतो. पितळी तांब्या, वर आट्यांचं झाकण, गच्च फिरवलं की थेंब सांडत नाही. जुने सोवळे लोक प्रवासात तो जवळ बाळगत, परक्याचं पाणी प्यावं लागू नये म्हणून. आजोबा भिक्षुकी करत. मला त्यांच्या सोवळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी ईदला बाजारातल्या उस्मानच्या घरी बसून शीरखुर्मा खाल्लेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्याची किंमतही मोजली, पण ती धर्माने नव्हे, दुधाने वसूल केली. झाकण पक्कं बसतं एवढाच त्या तांब्याचा माझ्या लेखी गुण.

निघताना आईने हातावर दही ठेवलं. मी ते चाटल्यासारखं केलं आणि रुमालाला पुसलं. उंबरठा ओलांडला, अंगणात आलो, आणि कळ आली. आमचा संडास परसात, वाट घरातूनच. मी वळलो.

"मागे फिरू नकोस!" आई ओरडली. "शुभ कामाला निघालायस."

"आई, मला जायचंय."

"आता धरून ठेव जरा!"

अण्णा ओटीवरून म्हणाले, "कुंपणाच्या बाहेरून वळसा घालून ये. घरातून नको."

म्हणून पदवीधर माणूस मुलाखतीच्या कपड्यांत, हातात तांब्या, शेजाऱ्यांच्या परसातून, त्यांच्या कोंबड्या उडवत, वळसा घालून आपल्याच संडासात गेला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, पुण्याला निघालास ना?" मी म्हटलं, "हो, याच वाटेने."

सुमन मागच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, तिथे गेल्यावर आधी जागा विचारून ठेवा. लाजू नका." एवढं एकच शहाणपणाचं वाक्य त्या घरात त्या दिवशी बोललं गेलं, आणि मी ते ऐकलं नाही.

गाडी

एस.टी.त मी पुढची जागा धरली, दाराजवळची. शेजारी खोपोलीच्या बाजाराला निघालेली ओवे गावची एक आगरी बाई, पायाशी सुकटीची पाटी. पनवेल मागे पडलं आणि पोटाने पहिली सूचना दिली. कंडक्टरला म्हटलं, "मास्तर, जरा गाडी थांबवता का?"

"कशाला?"

गाडीत चाळीस माणसं. कशाला ते सांगता येईना. "जरा काम आहे," मी म्हणालो.

"काम पुढे चौक गावाला करा. मधे थांबायची ऑर्डर नाही." त्याने 'ऑर्डर' अशा थाटात म्हटलं की जणू ती दिल्लीहून आली होती.

मला घाम फुटला. बाईने माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि काही न विचारता एकदम ओरडली, "ए मास्तर, थांबव गाडी! मना वकारी येते!"

"चौकला..."

"चौक नाय न् बिवक नाय! आता होते बग तुज्या डोक्यावर! आमी काय पैसं नाय दिलं?"

गाडी करकचून थांबली. बाई उतरली आणि मला म्हणाली, "चल रं भाव, मना धर." मी तिला धरून उतरवलं. तिने मला निवडुंगाच्या आडोशाकडे ढकललं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून मोठमोठ्याने ओकारीचे आवाज काढत उभी राहिली. इतके खरे आवाज मी नाटकातही ऐकले नाहीत. खिडकीतून चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

परत चढताना कंडक्टरने तिला विचारलं, "झालं का समाधान?"

"झालं," ती म्हणाली. "तुला बगलं की परत येल."

खोपोलीला ती उतरली. मी आभार मानू लागलो तर म्हणाली, "माज्या दादल्याचं बी असंच हाय. लग्नाला न्यायाची सोय नाय." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. माझ्या दुखण्यात मला मिळालेलं पहिलं खरं औषध ते. काही घ्यायला न सांगणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

पंगत

संस्थेची इमारत नवी होती. दारात संगमरवरी पाटी, तीवर अध्यक्षांचं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं. अध्यक्षांना सगळे नानासाहेब म्हणत. खादी, टोपी, भरदार आवाज. आम्ही चार उमेदवार. त्यातला एक साताऱ्याचा, दोनदा इथे येऊन गेलेला. त्याने व्हरांड्यात आम्हाला सावध केलं, "इथे मुलाखत पंगतीत होते. सगळ्या जातींची पोरं वाढतात. मुकाट्याने खायचं. इंग्रजीला नाही, खाण्याला मार्क आहेत."

मी हसलो. मग हसू मावळलं. पोटात काल दुपारपासून काही नव्हतं आणि संध्याकाळपर्यंत काही जायलाही नको होतं. मी ती पथ्याची भिंत कालपासून खपून उभी केली होती.

दिवाणखान्यात पाट मांडले होते. वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांनी पुरी, तिखट उसळ आणि बासुंदी वाढली. माझ्यासारख्याचा नि:पात करायला याहून चांगला बेत कुणाला सुचला नसता. नानासाहेबांनी सुरुवातीला भाषण केलं. जेवण गार होईस्तोवर केलं. त्यांच्या आजोबांच्या घरी परक्याची सावली चालत नसे. त्यांनी स्वतः तरुणपणी सोवळं फाडलं आणि जानवं मुठेच्या पाण्यात सोडलं. या संस्थेत ज्याचा हात ताटाकडे जायला अडखळतो त्याला जागा नाही. टाळ्या झाल्या. मग सगळे जेवू लागले.

मी पाटावर बसून राहिलो.

"काय दामले," नानासाहेबांनी विचारलं, "पान तसंच?"

"मी आज काही घेत नाही."

"उपास?"

'हो' म्हणणं सोपं होतं. पण त्या दिवाणखान्यात त्याहून वाईट उत्तर नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"मग पाणी तरी घ्या आमच्या मुलांच्या हातचं."

"पाणी मी आणलंय," मी म्हणालो आणि तांब्या पुढे ठेवला.

पंगत थांबली. सगळ्यांच्या नजरा त्या पितळी झाकणावर. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय आणून ठेवलं आहे. ज्या खोलीत सोवळ्याचं श्राद्ध घालत होते, त्या खोलीत मी त्याचा तांब्या घेऊन बसलो होतो.

"फिरकीचा तांब्या!" नानासाहेब म्हणाले. "आमच्या घरचा आम्ही मोडीत घातला."

कोपऱ्यातले एक वकील-सभासद म्हणाले, "आपले आजोबा काय करत, दामले?"

"भिक्षुकी."

"हं," वकील म्हणाले. त्या 'हं'मध्ये खटला निकालात निघाला होता.

माझ्या पानावर बासुंदी वाढणारा मुलगा अजून समोर उभा होता. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला सहन होईना. नानासाहेबांनी मला काहीही म्हणावं. त्यांचं मत मी विकत घेतलं नसतं. पण या मुलाने हयातभर समजावं की मी त्याच्या हातचं खात नाही? आणि दोन खोल्या, आणि पोरीचं ताट? का, तर एक शब्द तोंडातून काढायला मला लाज वाटते म्हणून?

"मला जुलाब होतात," मी म्हणालो. कुणाला ऐकू आलं नसावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो, "जुलाब. बाहेरचं पाणी प्यायलो की होतात. न पिताही होतात. म्हणून तांब्या."

वाढणारा मुलगा फस्सकन हसला आणि त्याने तोंडावर हात धरला. त्याच्या चेहऱ्यावरची ती नजर गेली. मला तेवढं पुरे होतं.

"अहो, जेवताना!" नानासाहेब ओरडले. माझ्या आजोबांचा धंदा जेवताना चालला होता. माझं आतडं चालेना.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पहिला धक्का ओसरल्यावर प्रत्येकाला उपाय सुचला. वकिलांनी कुडापाक सांगितला. खजिनदारांनी बेलाचा मुरंबा, तोही त्यांच्या मेहुणीच्या हातचा. एकजण इसबगोल म्हणाले, तर दुसऱ्याने इसबगोलाने सुलट्याचं उलटं कसं झालं याचा दाखला दिला. नानासाहेबांनी गार पाण्याची अंघोळ आणि इच्छाशक्ती सांगितली. "हे सगळं मनाचं असतं," ते म्हणाले. पुण्यात येऊन मी पुन्हा आमच्या ओटीवर बसलो होतो. इंग्रजीचा एक शब्द कुणी विचारला नाही.

तेव्हाच ती कळ आली. भाषण, बासुंदीचा वास, राग, सगळं एकदम खाली उतरलं. मी उठलो.

"संडास कुठे आहे?"

शिपाई म्हणाला, "मैदानापलीकडे. भिंतीला लागून जावा, मग डाव्या हाताला..."

मैदान मोठं होतं. संस्थेच्या अहवालात त्याचा अभिमानाने उल्लेख होता. "जवळची जागा?" मी विचारलं.

 सगळ्यांचे डोळे दिवाणखान्याशेजारच्या एका हिरव्या दाराकडे गेले. दाराला पितळी कुलूप.

"ती साहेबांची आहे," शिपाई म्हणाला.

"ती तशी... सर्वांच्या वापरात नाही," नानासाहेब म्हणाले.

"नानासाहेब," मी म्हणालो, "मुलांच्या हातची बासुंदी सर्वांच्या वापरात आहे. मी फार वेळ उभा राहू शकत नाही. पुढचं तुमच्या दिवाणखान्याचं नुकसान."

त्यांनी सतरंजीकडे पाहिलं. सतरंजी नवी होती. मग त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि किल्ली ओढली. किल्लीबरोबर दोरा आला. किल्ली जानव्याला बांधलेली होती. मुठेच्या पाण्यात सोडलेल्या त्याच जानव्याला, किंवा त्याच्या भावाला.

गाठ सुटेना. घाम आलेल्या बोटांनी ती आणखी आवळली. खजिनदार मदतीला वाकले, मग वकील. एका पुढाऱ्याच्या छातीशी दोन सभासद, आणि मी समोर पाय एकमेकांत गुंफून उभा. वाढणारी मुलं भिंतीला टेकून बघत होती. त्यांचं त्या दिवसाचं खरं शिक्षण ते. शेवटी वकिलांनी दाताने गाठ सोडवली.

आत स्वच्छ फरशी, खिडकी, पितळी बादली, घडी घातलेला टॉवेल. अशी जागा मला इस्पितळात मिळाली नव्हती, कचेरीत नाही, घरी तर नाहीच. मागच्या भिंतीला खाली एक लहानसं दार होतं, मैल्याची पाटी ओढून न्यायला पहाटे येणाऱ्या माणसासाठी. त्या माणसाला कधी पुढच्या दाराने पंगतीला बोलावलं होतं का, हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या सुचला. मी मुद्दाम सावकाश बसलो.

बाहेर आलो तेव्हा पंगत उठली होती. पाट उचलले जात होते. कारकून म्हणाला, "मुलाखत झाली. कळवू." माझा तांब्या त्याने दाराबाहेर नेऊन ठेवला होता.

नंतर

घरी सुमनने माझा चेहरा पाहिला आणि कोट काढून घेतला. धुण्याला टाकायला कोटाचे खिसे उलटे केले तेव्हा म्हणाली, "अहो, ही कसली किल्ली? दोन खोल्यांची?"

तिच्या आवाजात जी आशा होती ती मला अजून ऐकू येते. मी सगळं सांगितलं, बाहेर येताना सवयीने कुलूप दाबून लावलं आणि किल्ली नकळत खिशात टाकली तेही. दाताने गाठ सोडवली तिथे ती हसायला लागली, तोंडात पदर कोंबून, घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग तसंच तोंड झाकून ती बराच वेळ बसली. ते हसणं राहिलं नव्हतं.

पुढे पनवेलातच एका शाळेत लागलो. हेडमास्तरांनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हणालो, "मला तास सोडून धावावं लागतं. संडास जवळ असेल तर शिकवीन, नसेल तर आत्ताच सांगा." ते म्हणाले, "जिन्याखाली आहे." एवढीच मुलाखत. आता आम्ही खाडीकडच्या आळीत एका खोलीत राहतो. एकच आहे, पण ताट आमचं आहे. पोट बरं झालेलं नाही. तांब्या रोज बरोबर असतो. नव्या जागी गेलो की चहाच्या आधी मी मोठ्याने जागा विचारतो, आणि विचारलं की खोलीतला आणखी एखादा तरी सुटकेचा नि:श्वास टाकतो. तुम्हीही विचारा. लाज त्यांना वाटू दे.

पुण्याच्या त्या संस्थेकडून मला एकच पत्र आलं. नेमणुकीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. अध्यक्षांच्या खाजगी कुलुपाची किल्ली आपणाकडे राहिली असून दुसरी उपलब्ध नाही, तरी ती त्वरित परत पाठवावी, असं होतं.

मी पाठवली नाही. ती आमच्या परसाच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे. दुसरी किल्ली नाही म्हणजे कुलूप फोडावं लागलं असणार. काही दिवस तरी ते हिरवं दार सगळ्यांना उघडं राहिलं असेल.